तांड्यावरच्या बायांच्या आरोग्यासाठी दाद कुठे आणि कशी मागावी

ताई, तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, म्हणून आधी त्या सोडवून घेते. बीड जिल्ह्यातल्या तुमच्या तांड्यावरच्या बायांना प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधे बाहेरून आणायला सांगतात. बाळंतपणासाठी गेलेल्या एका बाईला ‘इथे सोय नाही’ म्हणून पुढे पाठवले आणि घरच्यांना जीप भाड्याने करावी लागली. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या एका तिशीच्या आतल्या बाईला खासगी डॉक्टरने गर्भाची पिशवी काढायला सांगितली आहे, तीही ऊसतोडीची टोळी निघायच्या आत. तक्रार केली तर आहे तीही सेवा तुटेल ही लोकांची भीती तुम्ही शेवटी लिहिली आहे. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे, पण पिशवीचा विषय थांबण्यासारखा नसल्यामुळे त्याच्यापासून सुरुवात करते.

त्या बाईने कोणतीही तारीख घेण्यापूर्वी जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञाकडून दुसरी तपासणी करून घ्यावी, आणि सोबत सोनोग्राफीचा अहवाल न्यावा. अंगावरून पांढरे जाणे, कंबर आणि ओटीपोट दुखणे, पाळीत जास्त रक्तस्राव होणे यांची कारणे पुष्कळदा औषधाने बरी होणारी असतात. ‘गाठ आहे, कॅन्सर होईल’ एवढ्या एका वाक्यावर, तपासणीचा कागद हातात न देता, शस्त्रक्रियेचा निर्णय व्हायला नको. कमी वयात पिशवी काढली आणि सोबत बीजकोषही काढले, तर हाडे लवकर ठिसूळ होतात, अंगातून वाफा येतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि हे सगळे घेऊन त्या बाईला पुन्हा मोळ्या उचलायच्याच असतात. शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक असेल तर ती जरूर व्हावी, पण ती गरज दुसऱ्या डॉक्टरनेही लिहून द्यावी.

हा विषय आपल्या जिल्ह्याला नवा नाही. २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यासमोर आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली, म्हणजे दर सहा बायांमागे जवळपास एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या बायांमध्ये देशाचे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. हे अंतर रोगाने पडलेले नाही. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, कारण मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराकडून, आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नसते. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, खोपीपासून दवाखाना लांब. अशा वेळी ‘एकदाची कटकट काढून टाका’ हा सल्ला बाईला स्वतःलाच सोयीचा वाटू लागतो. म्हणून तिला दोष देऊ नका आणि घाबरवूही नका.

२०१९ मध्येच बीड जिल्हा प्रशासनाने खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक केली होती. केंद्र सरकारने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सर्वोच्च न्यायालयाने डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल देताना त्या सूचना तीन महिन्यांत लागू करण्यास सर्व राज्यांना सांगितले. त्यात जिल्हा पातळीवर देखरेख समिती आहे आणि चाळिशीच्या आतल्या बायांच्या शस्त्रक्रियांवर विशेष लक्ष ठेवायचे आहे. तेव्हा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे एक साधा लेखी अर्ज द्या: आमच्या तालुक्यात परवानगीची पद्धत आज कशी राबवली जाते, आणि देखरेख समितीची शेवटची बैठक कधी झाली. डॉक्टरचे नाव घेऊन आरोप करण्यापेक्षा या अर्जाचा उपयोग आज जास्त आहे.

आता औषधांकडे येते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालये दुसऱ्या खात्याकडे असल्यामुळे त्या निर्णयात आली नाहीत, म्हणून अंबाजोगाईला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पैसे लागले तर गोंधळू नका. तिथे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसणाऱ्या उपचारांसाठी रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, भेटावे लागते.

केंद्रातले डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात, त्यामागे नेहमी त्यांची लबाडी असते असे नाही. खरेदी वरच्या पातळीवर होते. राज्याने २०१७ नंतर ती हाफकिन या सरकारी महामंडळाकडे दिली होती आणि २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला. या बदलांत साठा अडकला की त्याची झळ सर्वात आधी शेवटच्या केंद्राला आणि शेवटच्या वस्तीला लागते. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी आली, त्यांत १२ नवजात अर्भके होती, तेव्हा औषधे आणि मनुष्यबळ यांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणून ‘औषध का दिले नाही’ असे विचारून परिचारिकेशी वाद घालण्यापेक्षा ‘या तारखेला हे औषध साठ्यात होते की नव्हते’ असे लेखी विचारा. साठ्यात असेल तर जबाबदारी केंद्राची, नसेल तर वरच्यांची, आणि दोन्ही बाबतींत उत्तर कागदावर येते.

यासाठी पुरावा लागतो, आणि तो तुमच्या बायांच्या घरात आहे. मी पूर्वीच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात काम केले आहे. २००७ मध्ये राज्यात आरोग्यसेवांवरची लोकाधारित देखरेख ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत मराठवाड्यातला हा एकच जिल्हा होता. गावातली माणसे स्वतः बसून सेवांना हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देत आणि तो तक्ता घेऊन जनसुनवाईला, म्हणजे अधिकाऱ्यांसमोरच्या जाहीर सभेला, येत. अशा एका जनसुनवाईत वैद्यकीय अधिकारी ठामपणे सांगत होते की त्यांच्याकडे औषधांचा तुटवडा कधीच नव्हता. मातंग वस्तीवरची एक वयस्क बाई उठली. तिने कमरेची पिशवी सोडली, आत दुधाच्या रिकाम्या पुड्यात घडी करून ठेवलेल्या मेडिकलच्या पावत्या होत्या आणि प्रत्येक पावतीला केंद्राचा शिक्का असलेली चिठ्ठी टाचणीने लावलेली होती. तिला वाचता येत नव्हते, सुनेने सांगितले म्हणून तिने सगळे जपले होते. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी तिथेच साठ्याची वही मागवली, तारखा लावून पाहिल्या, आणि शेजारच्या केंद्रात पडून असलेला साठा हलवण्याचा आदेश सभेतच लिहिला गेला. आम्ही कार्यकर्त्यांनी त्याच विषयावर आधी बरीच निवेदने दिली होती, त्यांचे काहीही झाले नव्हते.

तेव्हा आजपासून बाहेरची प्रत्येक चिठ्ठी, पावती आणि केसपेपर जपायला सांगा. केसपेपर केंद्रात ठेवून घेतात असे असेल तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. खासगी दवाखान्यातल्या उपचारांचे कागदही रुग्णाने मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात, हे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांतच आहे. शिवाय राज्याच्या २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनुसार खासगी रुग्णालयात रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावलेले असले पाहिजे. बिलासाठी रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही, ही गोष्ट तर तांड्यावर प्रत्येकाला तोंडपाठ असावी, कारण अडवणूक झाली की त्याच क्षणी सावकार आठवतो.

बाळंतपणाच्या प्रकरणात बाजू अगदी स्पष्ट आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून लागू आहे. सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त, तपासण्या आणि जेवण मोफत. जेवण साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस. घरून दवाखान्यात नेणे, एका दवाखान्यातून दुसऱ्यात हलवणे आणि घरी सोडणे हेही त्यातच येते. पुढे पाठवणे हा गुन्हा नाही, कधी कधी तेच योग्य असते, पण गाडी न देता पाठवणे चूक आहे. त्या कुटुंबाकडून तीन गोष्टी लिहून घ्या: किती वाजता पोहोचले, कोणी काय सांगितले, रुग्णवाहिकेसाठी १०२ किंवा १०८ ला फोन केला होता का. फोनमधली नोंद पुसू देऊ नका. पुढच्या दवाखान्यासाठीची संदर्भ चिठ्ठी दिली नसेल तर तेही लिहा, तो तक्रारीतला सर्वात मजबूत मुद्दा ठरेल.

तक्रार कोणाकडे जाते इथे आपली माणसे फार फसतात. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी आणि त्यांच्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. दोघांच्याही वर उपसंचालक, आणि बीडसाठी ते लातूरला बसतात, छत्रपती संभाजीनगरला नाही. ग्रामीण रुग्णालयाची तक्रार जिल्हा परिषदेत दिली की टोलवाटोलवीत महिना जातो. अर्ज दोन प्रतींत नेऊन एकीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार वापरा: दहा रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, दाखला मात्र जोडावा लागतो.

जातीवरून दवाखान्यात अडवले गेले असेल, तर अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांसाठी अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून त्याची स्पष्ट तरतूद आहे. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडत असल्याने तुमच्या तांड्याला तो कायदा लागू होत नाही, शेजारच्या दलित वस्तीला किंवा पारध्यांच्या वस्तीला होतो. हे आधीच माहीत असले म्हणजे पोलीस ठाण्यात तोंडघशी पडायची वेळ येत नाही.

आता त्या भीतीविषयी. ती खोटी नाही. एकट्या बाईने तक्रार केली आणि पुढच्या खेपेला तिला तासन्‌तास बसवून ठेवले, हे मी पाहिले आहे. म्हणून तक्रार एका बाईच्या नावाने जाऊ नये. ती ग्रामसभेचा ठराव म्हणून जावी, किंवा ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या इतिवृत्तातून जावी. ही समिती तुमच्या ग्रामपंचायतीत कागदावर नक्की असेल. तिच्या खात्यावर वर्षाला दहा हजारांपर्यंतचा अबंधित, म्हणजे गावाने गरजेप्रमाणे वापरायचा, निधी येऊ शकतो, तो कशावर खर्च झाला हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. समितीत तांड्यावरची बाई सदस्य आहे का ते आधी बघा. पुष्कळदा मूळ गावातलीच नावे असतात आणि तांडा दोन किलोमीटरवर असूनही यादीत नसतो. वेळेचाही विचार करा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला तुमचा तांडा रिकामा असतो, निम्मी माणसे कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात फडावर असतात. १ मे आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभा तुमच्या आहेत. ठराव त्याच दोन सभांत मांडा.

आशाताईंना आणि आरोग्यसेविकेला विरोधी पक्ष समजू नका. त्यांच्यावर कामाचा बोजा प्रचंड आहे आणि औषध न मिळाल्याचा राग त्यांच्याच तोंडावर निघतो. उपकेंद्रासाठी सपाट भागात ५,००० आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येचा निकष आहे. तुमचे उपकेंद्र किती वस्त्यांना पुरते याचा हिशेब आरोग्यसेविकेकडूनच घ्या आणि जादा पदाची मागणी ठरावात घाला. तिची अडचण तुमच्या ठरावात आली की पुढची माहिती तीच तुम्हाला देईल.

टोळ्या निघायच्या आत एक काम मात्र करून घ्या. ऊसतोडीला, म्हणजे कोयत्यावर, जाणाऱ्या गरोदर बायांची आणि पाच वर्षांखालच्या मुलांची यादी आरोग्यसेविकेच्या सहीने तयार करा. माता व बाल सुरक्षा कार्ड प्रत्येकीच्या सोबत असू द्या, मुकादमाकडे नको. कोणती टोळी कोणत्या कारखान्याच्या हद्दीत जाते ते मुकादमाकडून घ्या आणि त्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला यादीची प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत पाठवायला सांगा. तिकडच्या आशांच्या सर्वेक्षणात खोप्या सहसा येत नाहीत, त्यामुळे लसीचा डोस आणि तपासणी दोन्ही चुकतात. यादी गेली की निदान विचारणा करायला आधार राहतो.

त्या बाईचा सोनोग्राफीचा अहवाल नाव झाकून मला वैयक्तिक निरोपात पाठवा, मी आमच्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना दाखवते. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अर्जाचा मसुदा तुम्ही लिहा, तुमच्याच शब्दांत. खाते, पदनाम आणि तारखा मी तपासून देईन.