वाचकांचे प्रश्न : जावामधील चिनी बाहुल्या

प्रश्न : इंडोनेशियातील सर्वसामान्य लोकांनी ‘पोतेही’ हा चिनी बाहुल्यांचा खेळ आपला मानला आहे का?

उत्तर : बऱ्याच अंशी मानला आहे. चीनच्या फुजियान प्रांतातून आलेल्या या कलेवर १९६७ च्या सरकारी आदेशाने गदा आली. चिनी चालीरीतींच्या जाहीर प्रदर्शनावर बंधने आल्यामुळे खेळ चिनी मंदिरांच्या आवारापुरते उरले. राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी २००० साली तो आदेश रद्द केला. मात्र त्याहून मोलाची गोष्ट मला ही वाटते, की पूर्व जावामध्ये ही कला जगवणाऱ्यांत अनेक जावानीज मुस्लिम सूत्रधार आहेत. तर्जनी बाहुलीच्या डोक्यात, अंगठा व मधले बोट तिच्या हातांत घालून ते चिनी सेनापतींच्या कथा इंडोनेशियन भाषेत रंगवतात आणि प्रेक्षकही सर्व समाजांतले असतात.