जनुक चालू कधी होते, ते विचार

नाशिक

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

जनुक आहे का ते दाखवणाऱ्या पीसीआर चाचणीत जनुकाचा पट्टा स्वच्छ दिसतो आणि प्रथिन बनले का ते दाखवणारा वेस्टर्न ब्लॉट मात्र कोरा निघतो, म्हणून लसीसाठी निवडलेले ते प्रथिन सोडून यापुढे केवळ संगणकावर काम करावे, असे तू लिहिले आहेस. तुझ्या पत्रात जिवाणूचा स्ट्रेन म्हणजे वाण आहे, पीसीआरचे प्रायमर आहेत, प्रतिपिंडाचे प्रमाणही आहे; पण जिवाणू कोणत्या माध्यमात, किती अंशांना वाढवला, याचा एक शब्द नाही. मला राग आला. तुझा कमी, तुला हे न विचारणाऱ्यांचा जास्त.

जनुक आहे का, हा अर्धाच प्रश्न झाला. ते चालू कधी होते, ते विचार.

डांग्या खोकल्याचा जिवाणू बोर्डेटेला घे. बॉर्डे-जांगू आगर या रक्त घातलेल्या माध्यमावर ३७ अंशांना त्याच्या वसाहती लहान, घुमटाकार येतात आणि भोवतीचे रक्त विरघळून फिकट वलय उमटते. त्याच आगरात पुरेसे मॅग्नेशियम सल्फेट घातले, की वसाहती सपाट होतात आणि वलय जाते, कारण बीव्हीजीएएस ही जनुके चालू ठेवणारी नियंत्रक प्रथिनांची जोडी थंडावते व विष बनेनासे होते. जनुक एकही हरवलेले नसते. पण अशा जिवाणूंची लस केली, तर शरीराने जे ओळखायचे तेच तिच्यात नसते. घटसर्पाचे विषही लोह मुबलक असेल तर डीटीएक्सआर हा नियंत्रक दाबून ठेवतो. लोहाचा हा परिणाम १९३६ पासून ठाऊक आहे.

संगणकाची थोरवी मला मान्य आहे. मेंदूज्वराच्या मेनिन्गोकॉकस बी या जिवाणूचा जनुकसंच २००० मध्ये वाचला गेला आणि त्यातून हेरलेले नॅडए हे प्रथिन २०१३ मध्ये युरोपात मान्यता मिळालेल्या लसीत आले. परंतु प्रयोगशाळेतल्या माध्यमात नॅडआर हा नियंत्रक ते दाबून ठेवतो, आणि लाळेत सापडणाऱ्या एका लहानशा आम्लाने तो दाब सुटतो. हे संगणकाने सांगितले नाही. जिवाणू वाढवणाऱ्यांनी शोधले.

दिंडोरीकडचा बागायतदार एप्रिलच्या छाटणीनंतर वेलीवर घड नाहीत म्हणून ती उपटत नाही. घड ऑक्टोबरच्या छाटणीनंतर धरतात, हे त्याला माहीत असते. तू मात्र एका कोऱ्या ब्लॉटवर वेल उपटायला निघालीस!

मी लस उत्पादनात असताना माध्यमातला एक घटक बदलला गेला. वाढ उत्तम होती, म्हणून 'जिवाणूंची घनता भरली आहे, आता अडवता कशाला' असे मला विचारले गेले. प्रतिजन, म्हणजे शरीराने ओळखायचे ते प्रथिन, तपासल्याशिवाय मी सही केली नाही. बढती गेली, पुढे नोकरीही सुटली आणि संशोधनाकडे परतायचे वय निघून गेले. त्याची खंत आजही आहे. सही न केल्याची नाही. घनता म्हणजे लस नव्हे, हे मी तेव्हा सांगत होतो, आजही सांगतो.

तेव्हा ते चालू कधी होते, ते विचार. एकाच बीजसंवर्धनातून लोह असलेले आणि नसलेले माध्यम लाव, २५ आणि ३७ अंशांना वाढव, वाढीच्या भरात व ती थांबल्यावर असे दोन्ही वेळा नमुने घे. आधी आरएनए, म्हणजे चालू जनुकाची नक्कल, बघ. तोच नसेल तर ब्लॉट कोराच राहणार. रविवारी वही घेऊन कॉलेज रोडला घरी ये, आणि माध्यमाच्या बाटलीवरचा लॉट क्रमांक लिहून आण.