‘घरी’, ‘घरात’ आणि ‘रूमवर’

प्रश्न थोडक्यात असा आहे: “कामासाठी मोठ्या शहरात आलोय. एका खोलीत चौघं राहतो, चौघांच्या मातृभाषा वेगळ्या. दिवसभर माझ्या तोंडी ‘रूमवर आहे’, ‘रूमवर जातो’ असंच येतं. रात्री आई फोनवर विचारते ‘घरी पोचलास का?’ तेव्हा मात्र ‘हो, पोचलो घरी’ म्हणतो. आणि सुट्टी लागली की ‘घरी चाललो’ म्हणतो, ते घर वेगळंच. भाड्याच्या खोलीला घर म्हणणं चूक आहे का? ‘रूमवर’ला मराठी म्हणायचं का? त्यापेक्षा ‘खोलीवर’ बरं का?”

बहुतेक लोक अशा वेळी नामाची चर्चा करतात: घर कशाला म्हणावं, खोली कशाला, भाड्याचं कुठलं आणि मालकीचं कुठलं. माझ्या मते इथे नामापेक्षा त्याला चिकटलेलं शेपूट जास्त बोलतं. तुमच्या प्रश्नात एकाच जागेसाठी ‘घरी’ आणि ‘रूमवर’ असे दोन शब्द आहेत, आणि फरक ‘ई’ आणि ‘वर’ यांचा आहे.

आधी ‘ई’. शाळेत सप्तमीचे प्रत्यय ‘त, ई, आ’ असे घोकले होते, आठवत असेल. त्यातला ‘त’ कशालाही लागतो: खोलीत, शहरात, डब्यात, लिफ्टमध्ये नको असेल तर लिफ्टीत. ‘ई’ मात्र भलताच निवडक आहे. जुन्या छपाईत हे शब्द ‘घरीं’, ‘दारीं’ असे टिंब देऊन दिसतात. त्या टिंबाचा माग अपभ्रंश या मराठीआधीच्या भाषेतल्या ‘हिं’सारख्या प्रत्ययापर्यंत नेता येतो, आणि १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते काढून टाकलं. म्हणजे प्रत्यय म्हातारा आहे आणि नव्या ओळखी करून घ्यायचं त्यानं कधीच सोडलंय. जुने संबंध तेवढे टिकवून आहे.

ते संबंध कुणाशी, हे बघण्यासारखं आहे. एक गट वेळेचा: सकाळी, दुपारी, रात्री. दुसरा शरीराचा: हाती, कानी, तोंडी, अंगी, मनी, आणि शरीराला लगडलेला पदर, म्हणून पदरी. तिसरा गट राहण्याच्या ठिकाणांचा: घरी, दारी, गावी, माहेरी, सासरी, आजोळी, शेजारी. यादी वाढवायचा प्रयत्न केला की अडायला होतं. वाडा, माडी, खोली, चाळ हे मराठीत मुरलेले शब्द, पण एकालाही हा ‘ई’ लागत नाही. फ्लॅट आणि बंगल्याचं तर नावच नको. ‘शहरी’ शब्द आहे, पण तो विशेषण: शहरी माणूस, शहरी सवयी. ‘मी शहरी राहतो’ असं कुणी म्हणत नाही, ‘गावी राहतो’ मात्र सहज म्हणतात. (कवितेत वनी, रणी, गगनी सगळं चालतं. ते सोडून द्या.)

परका शब्द म्हणून अडतं असंही नाही. ‘मुक्काम’ अरबीतून आला, तरी ‘रात्री मुक्कामी पोचलो’ बिनदिक्कत होतं. फारसी ‘जायगाह’वरून आलेल्या ‘जागा’चं ‘जागी’ होतं. पण गंमत बघा, ‘नवी जागा घेतली’ म्हणताना ज्या जागेचा अर्थ घर असतो, तिला ‘ई’ लावला की घर नाहीसं होतं आणि उरतो नुसता बिंदू: एका जागी बस, जागच्या जागी. ‘मी जागी आहे’ असा निरोप एखाद्या बाईनं पाठवला तर ती झोपलेली नाही एवढंच कळतं.

आता ‘घरी’ आणि ‘घरात’. दोन्ही सप्तमी, पण एकमेकांच्या जागी बसत नाहीत. दारात पाहुणा उभा आहे, चपला काढतोय. त्याला आपण ‘या, घरात या’ म्हणतो, किंवा ‘आत या’. त्या क्षणी ‘घरी या’ म्हणालात तर तो गोंधळेल, कारण तो आलेलाच आहे. ‘एकदा घरी या’ हे रस्त्यात भेटल्यावर, निरोप घेताना म्हणायचं. ‘घरात’ला भिंती आणि उंबरठा लागतो. घरात पाणी शिरतं, घरात उंदीर होतात. ‘घरी’ला भिंतींचं काही पडलेलं नसतं. अंगणात खाट टाकून झोपलेला माणूसही ‘घरी’च असतो, घरात नसला तरी. दहा बाय दहाच्या खोलीत चार माणसं राहत असली की घरात जागा नसते, हे खरं. पण ‘घरी’ जागा नसते असं वाक्य बनतच नाही.

आणि ‘वर’. हा कुठे लागतो ते पाहा: कामावर, ड्युटीवर, साइटवर, स्टेशनवर, नाक्यावर, शेतावर. जिथे जायचं, काम उरकायचं आणि परत यायचं, तिथे ‘वर’. ‘साहेब बंगल्यावर आहेत’ हे वाक्य ड्रायव्हरचं किंवा शिपायाचं. त्याच बंगल्यातली साहेबांची मुलगी ‘बाबा घरी आहेत’ म्हणेल. वास्तू एकच, माणूस एकच, बोलणाऱ्याचं नातं बदललं की प्रत्यय बदलतो. तुमचं ‘रूमवर’ याच रांगेतलं आहे. ऑफिस सुटल्यावर रूमवर जायचं, म्हणजे एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर. रूम हा शब्द उसना असेल, पण तिथे ‘मध्ये’ न लावता ‘वर’ लावायचं हे ज्यानं ठरवलं त्याचं मराठी पक्कं होतं.

परवा बसमध्ये माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाला लागोपाठ दोन फोन आले. पहिल्यावर म्हणाला, “रूमवरच चाललोय, तू पण ये.” दुसऱ्यावर आवाज जरा उतरवून, “हो, आत्ता घरी पोचतोच, जेवणार आहे, हो.” बस एकच, उतरायचा थांबा एकच. मित्राला त्यानं पत्ता सांगितला. आईला सांगितलं ते वेगळंच काही होतं: मी रस्त्यावर नाही, ठीक आहे. तिच्या प्रश्नात ‘घरी’ होतं म्हणून त्याच्या उत्तरातही ते आलं, एवढं साधंही कारण असेल. पण ‘रूमवर पोचतो’ असं तो आईला म्हणाला नाही खरा.

घर या शब्दाविषयी एक जुनी गोष्ट इथे सांगायला हवी, कारण भाडेकरूंना ती आवडेल. संस्कृत ‘गृह’चं प्राकृतात ‘घर’ होतं, आणि त्याचा नियम सांगताना हेमचंद्र या व्याकरणकारानं १२व्या शतकात एक अपवाद जोडला आहे: पुढे ‘पति’ आला तर घर होत नाही. म्हणून गृहपतीचं प्राकृत ‘गहवई’. थोडक्यात, मालक येऊन उभा राहिला की घराचं घर राहत नाही. व्याकरणातला नियम आहे, माझा विनोद नाही.

तुमच्या खोलीतल्या बाकीच्या तिघांनाही विचारून बघा, कारण ही अडचण मराठीची एकटीची नाही. गुजरातीत ‘घरमां’ आणि ‘घेर’ असे दोन शब्द आहेत, जवळपास आपल्या ‘घरात’ आणि ‘घरी’सारखे. बंगालीत, विशेषतः बांगलादेशात, लोकांनी नामच वेगळं केलंय: वडिलोपार्जित घर, बहुधा गावातलं, ते ‘बाडी’, आणि शहरात राहायला घेतलेलं ते ‘बासा’. त्या भाषेत तुमच्या आईचा प्रश्न आणि सुट्टीतलं ‘घरी चाललो’ यांत घोटाळा व्हायचं कारण नाही. हिंदीत ‘घर जा रहा हूँ’ म्हणताना मध्ये काहीच लागत नाही. आणि सगळ्यांत मजेशीर लॅटिन. तिथे सप्तमी जवळजवळ संपली होती. ती उरली गावाशहरांच्या नावांत आणि मोजक्या शब्दांत. त्यांतले दोन म्हणजे ‘दोमी’ आणि ‘रूरी’: घरी, आणि शहराबाहेर, गावाकडे. म्हातारे प्रत्यय शेवटचा मुक्काम कुठे करतात, त्याबाबत दोन लांबच्या भाषांचं एकमत दिसतं.

(घर शब्दांत कुठेकुठे दडून बसतं याचं एक उदाहरण राहवत नाही म्हणून: शर्टाचं ‘काज’. ते पोर्तुगीज ‘काझा’वरून आलं, म्हणजे घर. बटणाचं घर. आपणही चष्म्याचं घर म्हणतोच, पटावर ६४ घरं असतातच, आणि माणसं पन्नाशीच्या घरात जातातच.)

मराठीत ‘बासा’च्या जवळचा शब्द नव्हता असं नाही. ‘बिऱ्हाड’ आहे. त्याच्या शेजारी कन्नडमधला ‘बिडार’ ठेवून बघा, अर्थ मुक्काम, तळ. जुन्या लिखाणात लोक ‘बिऱ्हाडी परत’ जायचे, म्हणजे भाड्याच्या, तात्पुरत्या जागेलाही ‘ई’ मिळाला होता. तुम्हाला हवा तो नेमका शब्द हाच. पण मी तो सुचवणार नाही. बिऱ्हाड म्हटलं की भांडीकुंडी, गाद्या, रडतं मूल आणि हातगाडी डोळ्यांसमोर येते. चार पोरं, चार चार्जर आणि एक बादली याला कुणी बिऱ्हाड म्हणणार नाही. म्हटलं तर चेष्टेनं.

तेव्हा आईला ‘घरी’ आणि मित्राला ‘रूमवर’ हे बिनचूक आहे. सुट्टीत ‘घरी चाललो’ म्हणजे कुठलं घर, हे ऐकणाऱ्याला क्रियापदावरून आणि तुमच्या बॅगेवरून कळतं. ज्याला कळत नाही तो ‘गावी का?’ असं विचारतो, की संपलं.

एक सावधगिरी मात्र घ्या. हिंदी बोलणारा तुमचा सोबती मराठी शिकत असेल तर ‘घर पे आ जाओ’चं तो ‘घरावर ये’ करेल. त्याला तेवढं थांबवा. घरावर कौलं असतात, कर्ज असतं, फार तर मोर्चा येतो.

राहिलं ‘खोलीवर’. जरूर म्हणा. रूम हा शब्द रुळण्याआधी बाहेरगावी शिकायला राहिलेली मुलं ‘खोलीवर जातो’ असंच म्हणत. ‘वर’ तेव्हाही होता.