पशुवैद्यकाची पदवी नाही, तरी पशुप्रजननात करिअर होईल का?

प्रश्न : मी बीएस्सी जीवरसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. पाळीव जनावरांमधल्या नरांच्या प्रजननक्षमतेशी संबंधित एन्झाइमांवर प्रोजेक्ट केला आणि विषय मनापासून आवडला. पण मी पशुवैद्यक नाही. शिवाय घरचे म्हणतात, एवढ्याशा विषयावर पोट भरेल का?

उत्तर : आधी एक गोष्ट स्पष्ट करते. जनावर तपासणं आणि त्यावर उपचार करणं हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचंच काम. तुला तेच करायचं असेल, तर ती पदवी घ्यावीच लागेल. पण वीर्याचा नमुना प्रयोगशाळेत आला की पुढे जीवरसायनवाल्यांना भरपूर वाव आहे.

बोकडाचंच बघ. वीर्य गोठवताना शुक्राणूंच्या बचावासाठी द्रावणात अंड्याचा बलक घालतात. बोकडाच्या वीर्यात मात्र बल्बोयुरेथ्रल ग्रंथीतून (मूत्रमार्गाजवळच्या एका ग्रंथीतून) आलेलं फॉस्फोलायपेज नावाचं एन्झाइम असतं. ते बलकातलं लेसिथिन हे स्निग्ध द्रव्य फोडतं आणि त्यातून तयार होणारे पदार्थ शुक्राणूंनाच घातक ठरतात. म्हणून अनेकदा शुक्राणू आधी धुऊन घेतात किंवा बलकाचं प्रमाण कमी ठेवतात. ही अडचण ओळखायला एन्झाइम कळणारा माणूसच लागतो.

घोड्याच्या नमुन्यात शुक्राणू दिसलेच नाहीत, तर त्यातलं अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम मोजतात. ते मुख्यतः वृषण आणि अधिवृषणाकडून (शुक्राणू साठवणाऱ्या, वृषणाला लागून असलेल्या नळीकडून) येतं. फारच कमी भरलं, तर शुक्राणू बाहेर येण्याची वाट अडलेली असते किंवा स्खलन पुरतं झालेलं नसतं. चांगलं भरलं, तर वृषणात शुक्राणू तयार होतात का, हे तपासायचं. रक्ततपासणीत रोज होणारी साधी चाचणी इथे निदानाची दिशा ठरवते!

त्यामुळे विषय अरुंद आहे, हे मला पटत नाही. गोठीत वीर्य तयार करणारी केंद्रं, द्रावणं बनवणाऱ्या कंपन्या, निदान किट, संशोधन, सगळीकडे हेच कौशल्य लागतं. घरच्यांना सांगताना विषयाचं नाव पुढे करू नकोस, हे कौशल्य सांग.

एमएस्सीला एन्झाइम कायनेटिक्स (एन्झाइमांच्या वेगाचा अभ्यास) आणि सांख्यिकी पक्की कर. एका प्राण्यातला निष्कर्ष दुसऱ्याला चिकटवायची घाई करू नकोस : ॲक्रोसिन हे शुक्राणूतलं एन्झाइम नसलेले उंदीर प्रजननक्षम असतात, हॅमस्टर मात्र वंध्य ठरतात. आणि प्रवेश घेण्याआधी एखाद्या वीर्यसंकलन केंद्रात परवानगी काढून काही दिवस काम बघ. तिथला वास, पहाटेची वेळ, नमुना थंड पडायच्या आत करायची धावपळ हे सगळं झेपतंय का, ते तुलाच कळेल.