पोलिस दाखला हातात आला, आता पुढची पडताळणी

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. उन्हाळी शिबिर, साठ मुलं, आठ शिक्षक, दोन मदतनीस, एक बस. चारित्र्य पडताळणीचे दाखले तिघांचे अजून आले नाहीत, आणि तुम्ही विचारताय, त्यांना घ्यावं का. त्या तिघांकडे शेवटी येते. मला जास्त काळजी वाटली ती ज्यांचे दाखले आलेत त्यांची, कारण त्यांच्यापुढे तुम्ही फक्त "क्लिअर" एवढंच लिहिलंय.

मी वकील नाही, हे आधीच सांगते. कायद्याच्या शब्दावर अडलात तर वकिलाला विचारा. माणसं निवडण्याबद्दल मात्र ठामपणे लिहिते आहे.

दाखला हवाच, त्यात वाद नाही. पोक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा; त्याच्या २०२० च्या नियमांप्रमाणे शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी, मुलांशी नियमित संबंध येणारी कुठलीही संस्था असो, तिने प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलिस पडताळणी ठरावीक काळाने करायची असते. शिकवणारा असो वा न शिकवणारा, कायम असो वा कंत्राटी. पण दाखला काय सांगतो ते नीट समजून घ्या. अर्जात जो पत्ता दिला, त्या हद्दीतल्या पोलिसांकडे तो अर्ज जातो आणि तिथल्या नोंदी पाहिल्या जातात. माणूस चार वर्षं दुसऱ्या जिल्ह्यात राहिला आणि ते त्याने लिहिलंच नाही, तर तिथलं कोण विचारणार? म्हणून गेल्या पाच वर्षांतले सगळे पत्ते तुम्ही स्वतः लिहून घ्या, अर्जाशी ताडून बघा, आणि दाखल्याची झेरॉक्स न घेता मूळ प्रत पाहा. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २०१८ पासून आहे, पण ती फक्त पोलिस यंत्रणेला उघडते, तुम्हा-आम्हाला नाही. शिवाय मुलांशी केलेलं गैरवर्तन बहुतेक वेळा तक्रारीपर्यंत पोचतच नाही. संस्था माणसाला गुपचूप जायला सांगते आणि कागद कोरा राहतो.

इथेच आमच्या संस्थेची सगळ्यात महागात पडलेली चूक आहे. एका उमेदवाराने आधीच्या संस्थेचं म्हणून दिलेल्या संदर्भपत्रावर छापलेल्या मोबाइलवर फोन केला. पलीकडून उत्तम कौतुक ऐकू आलं, आम्ही फाइलवर बरोबरची खूण केली. तो नंबर उमेदवाराने दिलेला, म्हणजे पलीकडे कोण बोलतंय याचा काहीच भरवसा नव्हता. नंतर त्या जुन्या संस्थेकडे लेखी विचारलं, तर त्यांच्या कार्यालयाने "आम्ही फक्त रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख कळवतो" एवढंच उत्तर दिलं. याचा राग आजही येतो. आपलं नाव खराब होऊ नये म्हणून गोड पत्र द्यायचं, माणसाला पुढच्या गावात पाठवायचं, आणि विचारणाऱ्याला तारखा दाखवायच्या.

तर नंबर पत्रावरून घेऊ नका. संस्थेचा लँडलाइन स्वतः शोधा, मुख्याध्यापकांना किंवा त्याच्यावर प्रत्यक्ष देखरेख करणाऱ्याला मागा. "कसा माणूस होता?" असं विचारलं की "चांगला होता" येणारच. त्याऐवजी विचारा: कुठल्या वयाची मुलं त्याच्याकडे होती? त्याला कधी मुलांच्या कामावरून काढून दुसरं काम दिलं का? तोंडी तरी समज द्यावी लागली का? मुलांसाठी पुन्हा ठेवाल का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर यायला वेळ लागला, "तसं काही नाही, पण..." असं झालं, तर तो "पण" धरून ठेवा आणि पुढे विचारत राहा. बोललेल्याचं नाव, हुद्दा, तारीख, वेळ तिथल्या तिथे लिहा. असे किमान दोन संदर्भ घ्या. नातेवाईक आणि ओळखीचे नगरसेवक संदर्भ म्हणून चालत नाहीत.

बायोडेटात नुसती साल असेल तर परत पाठवा, महिने लिहून मागा. "२०१९ ते २०२२" आणि खाली "२०२३ पासून" हे वाचताना सलग वाटतं. जानेवारी २०२२ मध्ये सोडलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये लागला असेल तर मध्ये जवळजवळ दोन वर्षं गेली. आजारपण, घरचं कारण, दुकान टाकून बंद पडणं, सगळं असू शकतं. कारण विचारण्यात गैर काहीच नाही.

मुलाखतीत तत्त्वं विचारू नका, प्रसंग द्या. सगळी मुलं मैदानावर, एक मूल कपडे ओले करून वर्गात एकटं बसलंय, तुम्ही काय कराल? दुसऱ्या मोठ्या माणसाला बोलावेन, पालकांना कळवेन, असं काहीतरी आलं पाहिजे. "मुलं माझ्याकडे लगेच रमतात, मला असले नियम लागत नाहीत" म्हणणाऱ्याला मी घेत नाही. हे माझं मत, कोणी कठोर म्हणो.

आता तुमचे तिघे. संदर्भ आणि महिने नीट जुळले तर घ्या, पण दाखला हातात येईपर्यंत मुलांसोबत एकटं ठेवायचं नाही. दोन मोठी माणसं सोबत, दार उघडं, शौचालयाकडे नेण्याचं काम त्यांच्याकडे नाही, मुलांशी खासगी व्हॉट्सअ‍ॅप नाही. अर्जाची पोच फाइलला लावा. मुलांचे आजोबा, कॉलेजचे स्वयंसेवक यांनाही हेच लागू करा.

बसबद्दल एक गोष्ट राहून जाते. तुम्ही मुख्य चालकाची पडताळणी करता आणि दुसऱ्या दिवशी बदली चालक येतो. बसमालकाकडून बदलीच्या माणसाचंही नाव आधीच घ्या. लायसन्स परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर नंबर आणि जन्मतारीख टाकून तपासता येतं. आणि आधारच्या पूर्ण प्रती गोळा करत बसू नका, पहिले आठ आकडे झाकलेली प्रत पुरते.

संदर्भासाठी केलेल्या फोनवर कोणी मुलांशी झालेला एखादा गैरप्रकार सांगितला तर तो फाइलमध्ये ठेवून गप्प बसता येत नाही. पोक्सो कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडण्याची भीती वाटली तरी पोलिसांना कळवावं लागतं. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर कलम २१ मध्ये एक वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला संरक्षणही त्याच कलम १९ मध्ये आहे. मुलाला तातडीने मदत लागली तर १०९८ या बालहेल्पलाइनवर फोन करा.

तुमच्या शिबिरातून कोणाला मध्येच थांबवावं लागलं तर कारण, तारीख आणि कोणी निर्णय घेतला हे त्याच दिवशी लिहून दोघांच्या सह्या घ्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या एखाद्या ताईचा फोन तुमच्या कार्यालयात येईल, आणि उचलणारी व्यक्ती कदाचित नवीन असेल.