मैदानातले प्रश्न: बेसबॉलवाले फेब्रुवारीत काय करत असतात?

या वेळी बेसबॉलवर बरेच प्रश्न आलेत, म्हणून क्रिकेट आणि कबड्डीचे पुढच्या अंकात घेतो, कुणी रागावू नका.

प्रश्न: माझा भाचा फिनिक्सला असतो. फेब्रुवारी लागला की स्टेडियममधले फोटो पाठवायला लागतो, पण सीझन तर मार्च संपता संपता सुरू होतो म्हणे. मग या मॅच कसल्या? हारजीत धरतात का? – एक वाचक, इंदिरानगर

उत्तर: नाही धरत काका, या सरावाच्या मॅच. मेजर लीग म्हणजे तिकडची बेसबॉलची सगळ्यात वरची लीग, तिच्यात ३० टीम आहेत आणि फेब्रुवारीत बोस्टन, शिकागोकडे बर्फ असतो, त्यामुळे सगळ्या टीम उबदार भागात जाऊन राहतात, १५ ॲरिझोनात (भाच्याचं फिनिक्स तिथलंच) आणि १५ फ्लोरिडात. ॲरिझोनावाल्यांची कॅक्टस लीग, फ्लोरिडावाल्यांची ग्रेपफ्रूट लीग, आणि या सगळ्याला मिळून स्प्रिंग ट्रेनिंग म्हणतात.

सगळ्यात आधी हजर होतात पिचर (बॉल टाकणारे) आणि कॅचर (बॅटरच्या मागे बसून तो झेलणारे), साधारण फेब्रुवारीच्या मध्याला, बाकीचे चार-पाच दिवसांनी येतात. कारण बॅटिंगचा हात बसायला कमी दिवस पुरतात पण खांद्याला घाई चालत नाही. पिचर आल्या आल्या मॅच खेळतच नाही, आधी नुसते थ्रो, अंतर हळूहळू वाढवत, मग बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरच्या सरावाच्या जागेत, मोजके बॉल, मग आपल्याच बॅटरसमोर, मग मॅचमध्ये एखादी इनिंग (बेसबॉलची इनिंग छोटी, एका मॅचमध्ये नऊ असतात), पुढच्या वेळी दोन, असं चढवत चढवत मार्चअखेर पाच-सहा इनिंगपर्यंत नेतात. पुढे सहा महिन्यांत १६२ मॅच आहेत, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात जोर दाखवणाऱ्याचं कोच कौतुक करत नाहीत, उलट त्याला थांबवतात.

भाच्याला एक सांगा, सकाळी लवकर जाऊन मागच्या मैदानांवरचा सराव बघ. तिथे एक ड्रिल असतं, पिचर बॉल टाकल्याची नुसती ॲक्शन करतो, कोच फर्स्ट बेसच्या, म्हणजे बॅटरला पळून गाठायच्या पहिल्या थांब्याच्या बाजूला जमिनीलगत बॉल मारतो, तो तिथला फील्डर उचलतो आणि पिचरने धावत जाऊन पळता पळता थ्रो झेलून बेसवर पाय ठेवायचा. पुन्हा रांगेत, पुन्हा तेच. करोडो कमावणारे प्लेयर शाळेतल्या पोरांसारखे रांगेत उभे राहून हे करतात, आणि मला तरी स्प्रिंग ट्रेनिंगमधलं सगळ्यात बघण्यासारखं हेच वाटतं.

प्रश्न: मी द्राक्ष बागायतदार आहे, पिंपळगाव बसवंतजवळ. मुलगा १३ वर्षांचा, शाळेच्या बेसबॉल टीममध्ये पिचर आहे. सुट्टीत महिनाभर बॉल हातात धरला नाही आणि आता स्पर्धा जवळ आली म्हणून रोज शंभर शंभर बॉल टाकतोय. कोपर आतल्या बाजूने दुखतंय. खेळून खेळून जाईल असं सगळे म्हणतात. – एक वडील

उत्तर: दादा, आधी त्याचं बॉल टाकणं बंद करा आणि मग पुढचं वाचा. हे दुखणं खेळून जात नाही, वाढतं. या वयात कोपराच्या आतल्या बाजूला हाडाची वाढ चालू असते, ग्रोथ प्लेट अजून पक्की झालेली नसते आणि प्रत्येक जोरदार थ्रोला नेमकी तिथेच ओढ बसते. हाडाच्या डॉक्टरांना दाखवा, खेळातल्या दुखापती बघणारे मिळाले तर उत्तमच. मलम चोळून, गोळी देऊन मैदानात उतरवू नका, हात जोडून सांगतो.

मोठ्या पिचरचं याच जागचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, तुटतं. १९७४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सच्या टॉमी जॉनचं तुटलं होतं, डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हातातला टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून तिथे बसवला आणि तेव्हापासून त्या ऑपरेशनला त्या पिचरचंच नाव पडलं. तो १९७६ ला परत आला आणि पुढे १९८९ पर्यंत खेळला, पण हे ऐकून कुणी निवांत होऊ नये, आजही या ऑपरेशननंतर पिचरला परत यायला वर्ष-दीड वर्ष लागतं आणि सगळेच पहिल्यासारखे होतात असं नाही.

आता रोजच्या शंभर बॉलचं. अमेरिकेत मेजर लीग आणि तिथली बेसबॉल संघटना यांनी मिळून लहान मुलांसाठी पिच स्मार्ट नावाची मर्यादा ठरवून दिलीय. १३-१४ वयाला एका दिवसात जास्तीत जास्त ९५ पिच, म्हणजे टाकलेले बॉल, आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर पुढचे चार दिवस पिचिंग नाही. २० पर्यंतच टाकले तर दुसऱ्या दिवशी चालतं. वर्षातले चार महिने थ्रो बंद, त्यातले दोन-तीन महिने तरी सलग. म्हणजे तुमच्या मुलाने सुट्टीत आराम केला ते बरोबरच केलं, गडबड झाली ती सुट्टी संपल्यावर, शून्यावरून एकदम शंभरावर गेल्यामुळे.

तुम्ही बागायतदार, तुम्हाला काय सांगायचं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीवर एक घड दिसत नाही, पण पुढच्या हंगामाचा माल काडीत त्याच दिवसांत ठरतो, आणि तिथे पाणी-खत चुकलं तर ऑक्टोबरनंतर कितीही फवारण्या करा, नसलेला घड येत नाही. सीझनच्या आधीचे आठवडे हातासाठी तसेच असतात.

डॉक्टर हो म्हणाले की मगच सुरुवात, तीही जवळून, हलक्या हाताने, एक दिवसाआड. दुखलं की लगेच बंद, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा सुरू नाही. एक वही करा आणि रोजचे बॉल त्यालाच लिहायला लावा, सरावातले धरून. पिचिंग केलं त्याच दिवशी कॅचर म्हणूनही उभं करू नका, कॅचरलाही सारखे थ्रो करावे लागतात. शाळेतल्या सरांशी वाद घालू नका, ती वही आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन शांतपणे बोला. ही स्पर्धा हुकली तर हुकू द्या, तो अजून १३ चाच आहे.

प्रश्न: स्प्रिंग ट्रेनिंगला कोण जाऊ शकतं? आपल्याकडचं कुणी गेलंय का? – कॉलेज विद्यार्थी, नाशिकरोड

उत्तर: टीमच्या मुख्य यादीत ४० जण असतात, शिवाय यादीबाहेरच्या काही जणांना बोलावणं येतं, त्यात नवीन पोरं असतात आणि कुठेच कॉन्ट्रॅक्ट न मिळालेले पस्तिशीचे जुने प्लेयरही असतात. सीझन सुरू होताना यातले फक्त २६ उरतात. बाकीचे मायनर लीगमध्ये, म्हणजे ट्रिपल-ए, डबल-ए असं खाली खाली. मार्चमध्ये रोज कुणाला तरी मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलावतात आणि तो बॅग भरतो. सराव मॅचमध्ये मोठे प्लेयर दोन-तीनदा बॅटिंग करून बाहेर जातात आणि शेवटच्या इनिंगांना नव्वदीतले नंबर घातलेली पोरं जीव तोडून पळत असतात ती यासाठी.

आपल्याकडचे म्हणशील तर उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे, दुसरा) आणि दिनेश पटेल, दोघे भालाफेक करणारे, बेसबॉल कधी खेळलेच नव्हते. २००८ मध्ये वेगात थ्रो करणाऱ्यांची एक स्पर्धा झाली त्यातून निवडले गेले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केलं. मेजर लीगपर्यंत दोघेही पोचले नाहीत, पण रिंकू मायनर लीगमध्ये काही वर्षं खेळला. उशिरा सुरुवात केली म्हणजे संपलं असं समजू नकोस. आपल्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ वल्हवायला शिकला तो सैन्यात गेल्यावर, आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकला गेला.

प्रश्न: नव्या बॉलला मुद्दाम चिखल लावतात हे खरं आहे का? – एक वाचक, सिडको

उत्तर: खरं आहे. आपल्याकडे बॉलची चकाकी जपतात, तिकडे मॅचआधीच ती घालवतात. कोरा बॉल गुळगुळीत असतो, हातातून सटकतो, आणि ताशी दीडशे किलोमीटरने सटकलेला बॉल बॅटरच्या डोक्याकडे जाऊ शकतो. म्हणून न्यू जर्सीत डेलावेअर नदीच्या एका उपनदीकाठचा बारीक चिखल वापरतात, जागा कुठली ते गुपित ठेवलंय. बोटावर थोडासा घ्यायचा, पाण्याने ओला करायचा आणि बॉल दोन्ही तळव्यांत फिरवायचा, म्हणजे चामडं थोडं खरखरीत होतं आणि रंग किंचित मळकट. बॉलचं वजन १४२ ते १४९ ग्रॅम, क्रिकेटच्या बॉलपेक्षा हलका.

प्रश्न: बेसबॉलमध्येही डीआरएस आलं म्हणे? – एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर: हो, २०२६ च्या सीझनपासून. पिचरने टाकलेला बॉल बॅटरच्या ठरलेल्या टप्प्यातून गेला (स्ट्राइक) की बाहेरून (त्याला ‘बॉल’ म्हणतात), या अंपायरच्या निर्णयावर प्रत्येक टीमला दोन चॅलेंज, बरोबर निघालं तर ते शिल्लक राहतं. मागायचं फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरने, लगेच, टोपीवर किंवा हेल्मेटवर हात ठेवून, बाहेरून कुणी खुणवायचं नाही. मेजर लीगच्या टीमनी हे आधी २०२५ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये वापरून बघितलं. २०२३ ला पिचरवर घड्याळ लावलं, म्हणजे ठरलेल्या सेकंदांत बॉल टाकायचा नियम आला, तेव्हाही पहिली सवय फेब्रुवारी-मार्चमध्येच करून घेतली होती. चुका तिथे झालेल्या परवडतात.

प्रश्न: इथून लाइव्ह बघायचं तर किती वाजता? – एक वाचक, पंचवटी

उत्तर: ॲरिझोनातली दुपारची सराव मॅच आपल्याकडे रात्री दीडच्या पुढे लागते, ती सोडाच. सीझनमधली न्यूयॉर्कची संध्याकाळी सातची मॅच आपल्याकडे पहाटे साडेचारला आणि लॉस एंजेलिसची सकाळी साडेसातला. सुरुवात साडेसातवाल्यांपासून करा.