थंडीत डिझेल पिकअप सुरू व्हायला त्रास

प्रश्न : आमची वीस वर्षं जुनी चार सिलिंडरची डिझेल पिकअप आहे, ग्लो प्लगवाली. निफाडच्या थंडीत पहाटे चार-पाच सेल्फ मारावे लागतात, पांढरा धूर निघतो, मग थरथरत सुरू होते. दुपारी मात्र झटक्यात. बॅटरी नवी आहे.

उत्तर : पांढरा धूर म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पण पेटत नाही. पहिला संशय ग्लो प्लगवरच, म्हणजे सुरू करताना सिलिंडर आतून तापवणाऱ्या प्लगवर. डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा दिवा लागला म्हणून प्लग तापले असं समजू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो नुसत्या टायमरवर चालतो.

इंजिन थंड असताना चावी ऑन करून चारही प्लग जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर मल्टिमीटर लावा. ११ व्होल्टच्या आसपास हवेत. काहीच नसेल, तर मोठा फ्यूज आणि रिले (प्लगचा करंट चालू-बंद करणारा स्विच) बघा. व्होल्टेज येत असेल, तर चावी बंद करून पट्टी पूर्ण काढा. ती तशीच ठेवली तर चारही प्लगचं माप एकत्र येतं आणि मेलेला प्लग लपतो. आता प्रत्येक प्लगचं टोक आणि इंजिनचा धातू यांमधला रोध मोजा. एक ओहमच्या आसपास असेल तर प्लग बहुधा चांगला, काटा हललाच नाही तर गेलेला. मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून येणारा आकडा यातून वजा करायचा, एवढ्या छोट्या मापात तो फरक पाडतो.

प्लग इंजिन कोमट असताना, गंज सोडवणारं तेल मारून हळूहळू सोडवा. जोर केला तर तो हेडमध्येच तुटतो. नवे प्लग त्याच पार्ट नंबरचे घ्या.

स्टार्टिंग स्प्रे (इंजिनच्या हवेत मारायचा झटकन पेटणारा फवारा) अजिबात मारू नका! तापलेल्या प्लगवर तो भलत्या वेळी पेटतो, पिस्टन फुटू शकतो.